निरंक लिहिलेला रकाना

माझ्या नोकरीत मी सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागणार नाही. निरंक. सरकारी कागदात 'नाही' किंवा 'शून्य' लिहीत नाहीत. साथीचे रुग्ण : निरंक. जळालेली घरे : निरंक. वाहून गेलेली जनावरे : निरंक. रकाना मोकळा सोडला तर तालुक्याचा कारकून कागद परत पाठवतो. निरंक लिहिलं की कागद पुढे सरकतो, आणि आपण संध्याकाळी वेळेवर घरी पोचतो.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत मी सव्वीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काम करतो आहे. हल्ली आमच्या पदाचं नाव बदललं आहे, पण गावात कुणी ते वापरत नाही. गावात मी पहिल्यापासून 'भाऊसाहेब' आहे. शहरांनी अणुहल्ल्याची तयारी करून ठेवावी की नाही, या प्रश्नावर अशा माणसाने लिहावं याचं कुणाला हसू येईल. येऊ दे. मला त्याचं उत्तर माहीत आहे, आणि मी ते पुस्तकातून घेतलेलं नाही. करावी, नक्की करावी. हे उत्तर मला मी स्वतः लिहिलेल्या एका निरंकाने दिलं. तेव्हा आधी तो निरंक सांगतो.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शहापूर तालुक्यात, नाशिक महामार्गाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात होतो. गावाचं नाव लिहीत नाही. मूळ गाव टेकडीच्या पलीकडे, आणि त्याचा एक पाडा अलीकडे, महामार्गाकडे उतरणाऱ्या उतारावर. एका शनिवारी भर दुपारी महामार्गावर एक टँकर उलटला. त्यात कसला तरी विषारी वायू होता. खालून पिवळट धूर वर चढायला लागला आणि लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. अर्ध्या तासात पोलिसांची गाडी पाड्यावर आली. हुकूम झाला, पाडा रिकामा करा, सगळ्यांना पलीकडे गावच्या शाळेत न्या.

माझ्या पिशवीत आपत्ती आराखड्याची फाइल होती. आराखडा म्हणजे दर वर्षी आम्ही भरून देतो तो नमुना. विहिरी किती, शाळेच्या खोल्या किती, ट्रॅक्टर किती. त्यात सातवा रकाना होता, 'मदतीशिवाय हलू न शकणाऱ्या व्यक्ती'. लोक पोरंटोरं, कोंबड्या, गॅसच्या शेगड्यासुद्धा उचलून चालायला लागले होते. फौजदारांनी मला विचारलं, "मागे कोणी राहिलं नाही ना? खाटेवरचं वगैरे?"

मी फाइल उघडली, सातवा रकाना बघितला आणि म्हणालो, "निरंक, साहेब."

त्या वेळी माझ्या आवाजात जो आत्मविश्वास होता, तो मला अजून आठवतो.

पाड्याच्या टोकाच्या घरात एक म्हातारा खाटेवर होता. थंडीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. त्याची बायको सकाळीच शहापूरच्या बाजाराला सुकी मासळी आणायला गेली होती. जाताना तिने दाराला बाहेरून कडी घातली होती, आणि कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून दाराखालच्या फटीत ओलं गोणपाट कोंबलं होतं. बाहेरून कडी दिसली, त्यामुळे धावपळीत कुणी आत डोकावलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी त्याला नेलं असेल.

दीडेक तासाने ती बाजारातून दुसऱ्या वाटेने शाळेवर आली. शाळेत तोवर खिचडी शिजत होती. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "माझा म्हातारा कुठं हाय?"

मी फाइल पाठीमागे धरली. का धरली, मला माहीत नाही.

वारा फिरेपर्यंत पोलिसांनी आम्हांला सोडलं नाही. मग तोंडाला ओली फडकी बांधून मी, तिचा पुतण्या आणि एक पोलीस असे तिघे पाड्यावर गेलो. पाडा गप्प होता. एका चुलीवरचं कालवण करपून भांड्याला चिकटलं होतं. मी कडी काढली. आत अंधार होता. खाटेवरून आवाज आला.

"कोन हाय?"

"मी आहे बाबा. भाऊसाहेब."

म्हातारा त्याच्या त्या जड जिभेने म्हणाला, "तू पन मेलास काय रे?"

आधी त्याला आरडाओरडा ऐकू आला होता, पळण्याचा आवाज आला होता, आणि त्यानंतर काहीच नाही. कोंबडीसुद्धा नाही. त्याने बऱ्याच हाका मारल्या होत्या. तीन तास तो तसाच आढ्याकडे बघत पडला होता, आणि त्याची खात्री झाली होती की सगळी माणसं मेली, तो एकटाच उरला. "मला वाटला, सगळी गेली," तो पुतण्याला सांगत होता. "मंग मी कशाला हाका मारतंय, म्हनून गप रायलो."

त्याला फारसं काही झालं नव्हतं. थोडा खोकला, थोडे लाल डोळे. जे उघड्यावरून वाऱ्याच्या तोंडाने शाळेकडे धावत गेले, त्यांतल्या काहींना त्याच्याहून जास्त त्रास झाला. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पक्कं विटांचं घर, बंद दार आणि खालच्या फटीतलं ते गोणपाट, यांनी त्याला सांभाळलं. घाईघाईत सगळ्यांना बाहेर काढण्यापेक्षा काही काळ आत बसवून दारं लावली असती तर बरं झालं असतं. ते त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आता माझी चूक. त्याच्या आधीच्या वर्षीचा निरंक खरा होता, म्हातारा तेव्हा हिंडताफिरता होता. नवीन वर्षाचा नमुना भरायच्या आठवडाभर आधी पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेने मला वहीचा एक कागद दिला होता. त्यावर म्हाताऱ्याचं नाव होतं, आजार लिहिला होता, आणि खाली 'उचलायला दोन माणसं लागतील' असंही लिहिलं होतं. मी तो चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. नमुना पाठवायच्या दिवशी मला उशीर झाला होता. मी मागच्या वर्षीचा आराखडा समोर ठेवला आणि रकान्यामागून रकाना उतरवून काढला. सातव्याला हात आपोआप निरंक लिहून गेला.

नंतर विचारणा झाली. वरचे अधिकारी गावात आले. त्यांनी विचारलं, "घरोघरची पाहणी गावात कोण करतं?" मी म्हणालो, "अंगणवाडी सेविका करतात, साहेब." खोटं एकही वाक्य मी बोललो नाही. हे मी सहा वर्षं स्वतःला सांगत होतो. पण त्या एका खऱ्या वाक्याने सगळं तिच्या अंगावर ढकललं गेलं. तिला खुलासा मागितला. तिने लिहून दिलं, 'मी भाऊसाहेबांना कागद दिला होता.' कुठे आहे कागद, असं विचारल्यावर तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. ग्रामसभेत तिला उभं केलं. ती म्हाताऱ्याच्या बायकोपुढे हात जोडून म्हणाली, "आजी, चुकी झाली असंल तर माफ करा." मी तिच्यापासून चार हातांवर खुर्चीत बसलो होतो. कागद माझ्या घरी, मुरबाडला, आयुर्विम्याच्या पाकिटात होता. मी तो फाडला नाही. दाखवलाही नाही.

वर्षभराने माझी बदली माळशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्याकडे झाली. मला बरंच वाटलं. म्हातारा पुढे दोन वर्षांनी वारला, हे मला टोकावड्याच्या एका ढाब्यावर चहा पिताना कळलं. मी चहा तसाच ठेवून निघालो. त्याच्यापुढे बोलायची संधी संपली होती.

गेल्या वर्षी माझी बदली पुन्हा त्याच गावात झाली. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत मोटारसायकलने येताना मी रोज ठरवायचो, आज अंगणवाडीच्या ताईंशी बोलायचं. रोज काहीतरी काम निघायचं. आणि मग देशभर भोंगे वाजवून करायच्या युद्धकाळातल्या सरावाची बातमी आली.

आमच्याकडे सरावाचं पत्र आलं, पण भोंगा आला नाही. भोंगा तालुक्याच्या गावी बसवला होता. दुपारी ठरल्या वेळी आम्ही शाळेच्या ओट्यावर कान देऊन उभे राहिलो. एक बकरी ओरडली. दूरवर ट्रॅक्टर चालला होता. शेवटी सरपंचांनी शहापूरच्या एका दुकानदाराला फोन लावला.

"वाजला काय रे?"

पलीकडून आवाज आला, "वाजला की कवाच! तुमाला नाय आला?"

"आमाला बकरी ऐकू आली," सरपंच म्हणाले, आणि सगळे हसले.

त्या पत्राबरोबर नवीन नमुना होता. हवाई हल्ला, रासायनिक, किरणोत्सर्गी, असे रकाने. आणि एक नवा प्रश्न. शहरातून माणसं बाहेर पडली तर आपल्या गावात किती जणांची तात्पुरती सोय होऊ शकेल? सरपंचांनी तो मोठ्याने वाचला आणि कागद माझ्यापुढे टाकला. "मुंबईला पानी आमी दिला. भातसा धरनाचा नळ आमच्या शेताखालनं गेला, आमच्या बाया मे महिन्यात टँकरची वाट बगतात. आता मुंबईची मानसा पन आमीच घ्यायची? लिहा भाऊसाहेब, निरंक."

त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती. पण तो शब्द ऐकल्यावर माझ्या हातातलं पेन थांबलं.

त्या रविवारी ठाण्याला मेहुण्याकडे जाणं झालं. तो एका उंच इमारतीत सोळाव्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे सराव कसा झाला? तो म्हणाला, "लोकांनी गॅलरीतून व्हिडिओ काढले. दुसरं काय करणार?"

"आणि खरंच पडला तर?"

"भावोजी, अणुबॉम्ब पडला तर पडला. दोन मिनिटांत खेळ खल्लास. त्याचा कसला प्लॅन करायचा? सगळं संपणार म्हणजे संपणार."

"तुझ्या इमारतीत खाटेवरची माणसं किती आहेत?"

"मला काय माहीत? मी मेंटेनन्सचं बघतो." मग तो जरा चिडून म्हणाला, "आणि तयारी करून ठेवली ना, की वरच्यांना वाटतं, चला, आता लढायला हरकत नाही. तयारी करणंच चूक आहे."

त्याच्या पहिल्या बोलण्यावर मी बराच विचार केला, कारण माझ्या म्हाताऱ्यालाही अगदी तेच वाटलं होतं. सगळे मेले, मीच राहिलो. आणि त्याच वेळी टेकडीपलीकडे सगळं गाव खिचडी खात होतं. मी चार पुस्तकं आणि सरकारी पत्रकं मिळवून वाचली. बॉम्ब जिथे पडेल तिथल्या माणसांसाठी कुठलाच कागद काही करू शकत नाही, हे खरं आहे. पण शहर तेवढंच नसतं. त्याच्या कडेला, पुढच्या उपनगरात, खाडीपलीकडे, कल्याणला, भिवंडीला, आमच्या महामार्गावर माणसं जिवंत असतील, आणि त्यांचं पुढचं एक-दोन दिवसांत काय होईल हे पुष्कळसं त्यांच्या वागण्यावर ठरेल. बाहेर पळायचं की आत थांबायचं. कुठलं पाणी प्यायचं. वरून पडणारी धूळ अंगावर तशीच ठेवायची की धुवायची. त्या धुळीची ताकद पहिल्या दिवसात झपाट्याने उतरते. तेवढा वेळ पक्क्या भिंतीआड बसलेला माणूस वाचू शकतो, आणि आधी कुणी सांगितलं नसेल तर तोच माणूस पोरं घेऊन रस्त्यावर येतो. मग 'सगळं संपणार' याचा अर्थ काय? मला तो ओळखीचा वाटला. ते निरंकच आहे. रकाना भरायचा कंटाळा किंवा भीती, आणि वर शहाणपणाची सही.

दुसरं बोलणं अवघड आहे, ते मी टाळत नाही. बॉम्ब कुणी टाकूच नये, कुणी बनवूच नये, असं मलाही वाटतं, आणि तयारीच्या नावाखाली लढाईची हौस वाढत असेल तर ती वाईटच. पण खाटेवरच्या माणसाला लढाईबद्दल कुणी विचारलेलं नसतं. त्याचं नाव यादीत लिहिल्याने लढाई जवळ येत नाही. नाव न लिहिल्याने ती लांबही जात नाही. फक्त तो आत राहून जातो.

एवढं सगळं कळल्यावर मला सर्वांत आधी अंगणवाडीत जाणं भाग होतं. कारण पाड्यावर कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला दिसत नाही, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे एकाच माणसाला बिनचूक माहीत होतं.

ताई पोरांच्या ताटल्यांत उसळ वाढत होत्या. मी दारात चपला काढल्या.

"ताई, जरा यादी हवी होती. मदत लागणाऱ्या माणसांची."

त्यांनी वर बघितलं नाही. "मागच्या येळची दिली व्हती ती संपली काय?"

एका पोराने उसळ सांडली. त्यांनी ती निपटून काढली, फडकं पिळलं.

"ताई, हे महत्त्वाचं आहे. नवीन आराखडा..."

"तुमचा शब्द हाय ना एक. तो लिहा नि मोकळे व्हा." मग माझ्याकडे बघून त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझ्या पोटची पोर तवा दहावीला व्हती. शाळेत तिला पोरी बोलायच्या, तुझ्या आईनं म्हातारा इसरला. आजून कोन कोन बोलतंय. म्या नाय यादी देनार. दिली तर हरवंल, नि हरवली तर माझ्याच नावावर."

आज मागे बघताना वाटतं, त्या क्षणी तिथेच बोलून टाकायला हवं होतं. मी बोललो नाही. पण परत जाताना मला हे स्वच्छ दिसलं की ती यादी माझ्या हातात पडायला एकच रस्ता आहे. जे गावासमोर झालं ते गावासमोरच दुरुस्त व्हायला हवं. घरी जाऊन मी विम्याचं पाकीट उघडलं. कागद होता. घड्यांवर फाटत आला होता, पण अक्षर वाचता येत होतं.

विशेष ग्रामसभा शाळेत भरली. मी आधी पत्रक वाचून दाखवलं. 'किरणोत्सर्गी धूलिकणांपासून बचावाकरिता नागरिकांनी बंदिस्त निवाऱ्यात आश्रय घ्यावा...' लोक जांभया द्यायला लागले. पहिल्या ओळीत म्हाताऱ्याची बायको बसली होती. आता तिला ऐकू येत नाही. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं, "काय बोलतंय गो तो?"

शेजारीण तिच्या कानाशी ओरडली, "घराबाहेर नाय पडायचा! पानी झाकून ठेवायचा! उघड्यावरचा खायाचा नाय! मंग आंघोळ करायची!"

म्हातारीने मान हलवली. "मंग सरळ सांग ना, गिराण हाय म्हनून. येवढा कशाला वाचतंय?"

सगळी शाळा हसली. मीही हसलो, आणि हसता हसता पत्रक खाली ठेवलं. ग्रहण पाळणं ही अंधश्रद्धा आहे, असं मी याच शाळेत भाषण दिलं होतं. ग्रहणात अन्न बिघडत नाही, हे मी आजही सांगतो. पण आत बसा, पाणी झाका, उघडं पडलेलं खाऊ नका, बाहेरून आलेल्याने कपडे बाहेरच टाकून डोक्यावरून पाणी घ्या आणि सुटल्याचं कळेपर्यंत थांबा, एवढं सगळं पाड्यावरच्या प्रत्येक बाईला न शिकवता येत होतं. मी म्हणालो, "आजी बरोबर बोलली. वरून विषारी धूळ पडायची असेल तर पाड्याने ग्रहण पाळायचं. एक दिवस, दोन दिवस. सुटलं की आम्ही सांगू." पुढचा तासभर बायकाच बोलत होत्या. कुणाचं घर पक्कं, कुणाचं कुडाचं, कुडाच्या घरातल्यांनी कुणाकडे जायचं. शहरातून माणसं आली तर आधी विहिरीवर आंघोळ, मग आत, असंही त्यांनीच ठरवलं. सरपंच म्हणाले, "बरा बरा, शाळेच्या चार खोल्या लिहा. पन पानी मुंबईनं पाठवायचा." पुन्हा हशा झाला.

मग एकाने विचारलं, "हलता न येनाऱ्यांची यादी झाली काय?"

मी उभा राहिलो. खिशातून कागद काढला. मी म्हणालो, "ही यादी सहा वर्षांपूर्वी ताईंनी मला दिली होती. बाबांचं नाव यात आहे. मी ते आराखड्यात घेतलं नाही. मागे कुणी नाही, असं फौजदारांना मीच सांगितलं. ताईंची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि मी गप्प बसलो."

कागद हातोहात फिरला. म्हातारीला शेजारणीने कानात सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"प्रोसिडिंगला घ्या," त्या म्हणाल्या. "माझी माफी प्रोसिडिंगला हाय. ही पन पायजे."

मी सभेचं प्रोसिडिंग बुक ओढलं आणि लिहिलं. त्या पुढे आल्या, बोट ठेवून वाचायला लागल्या. 'सदर व्यक्तीचे नाव ग्रामसेवकांकडून अनवधानाने...' बोट थांबलं.

"अनवधानानं म्हंजे?"

"म्हणजे... लक्षात न आल्यामुळे."

"कागद तुमच्या हातात दिला व्हता. खिशात घातलात. नंतर मी खुलासा लिवला तवा तरी लक्षात आला व्हता ना?"

"हो."

"मंग?"

मी 'अनवधानाने' खोडलं. वर लिहिलं, 'माहिती असूनही'. खाडाखोड झाली म्हणून शेजारी सही केली. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ खाडाखोडींवर सह्या केल्या आहेत, पण एवढी सरळ सही कधी आली नव्हती. ठरावाची प्रत मी तालुक्याला पाठवली. मला नोटीस आली आहे. तिचं उत्तर मी तीन ओळींत लिहून ठेवलं आहे, आणि त्यात 'अनवधानाने' हा शब्द नाही.

चार दिवसांनी ताई ग्रामपंचायतीत आल्या आणि टेबलावर वही आपटली. हसल्या नाहीत. "झेरॉक्स काडा नि वही परत द्या. आता मी कागद सोडनार नाय." प्रत्येक नावापुढे त्यांनी स्वतः एक रकाना आखला होता, 'कोण सांगणार'. कुठे सून, कुठे शेजारी, कुठे पुतण्या. शेवटचं नाव म्हातारीचं होतं. ऐकू येत नाही, एकटी राहते. पुढे लिहिलं होतं, भाऊसाहेब.

"ताई, मी मुरबाडला राहतो."

"दिवसा हितंच असता ना? दिवसाचं तुमी. रातचं शेजारीन, तिला सांगितलाय."

ठाण्यातल्या मेहुण्याला मी ही वही दाखवली. त्याच्या इमारतीने, त्याच्या वॉर्डाने, त्या सगळ्या शहराने याच रकान्यापासून सुरुवात करावी, असं मी त्याला ठामपणे सांगितलं. तळघरं, भोंगे, औषधांचे साठे हे सगळं लागेलच, आणि ते ज्यांचं काम आहे त्यांनी करावं. पण आधी प्रत्येक मजल्यावर कोण हलू शकत नाही, आणि त्याला कोण सांगणार, एवढं लिहा. बॉम्ब कधीच पडला नाही, तर फारच उत्तम. उद्या लिफ्ट बंद पडेल, आग लागेल, पाणी भरेल, तेव्हा तीच यादी लागणार आहे. तो म्हणाला, "बघतो." मग चार दिवसांनी त्याचा फोन आला, "भावोजी, आमच्या नवव्या मजल्यावर एक आजोबा दोन वर्षं खाली उतरलेले नाहीत. मला माहीतच नव्हतं."

मागच्या महिन्यात आम्ही पाड्यावर आमचा स्वतःचा सराव केला. भोंगा नव्हता, म्हणून शाळेची घंटा पाड्यावर आणून बडवली. सकाळचे दहा वाजले होते. दारं पटापट लागत गेली. मी टोकाच्या घराकडे निघालो. दाराला कडी नव्हती. मी वाजवलं, आतून काही उत्तर नाही, अर्थातच. ढकलून आत गेलो.

म्हातारी तांदूळ निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, वर आभाळाकडे बोट केलं आणि हाताच्या पंजाने डोळे झाकले. ही खूण ताईंनी ठरवून दिली होती.

"लागला काय?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

तिने सूप बाजूला ठेवलं, उठून हंड्यावर ताट झाकलं. मग माझ्या मागे बघितलं. "मंग दार उघडा काय टाकलास रे? आत बस नि लाव."

मी दार लावलं. गोणपाट कोपऱ्यात घडी घालून ठेवलेलं होतं. तिने न सांगता मी ते भिजवलं आणि खालच्या फटीत कोंबलं. आत अंधार झाला. म्हाताऱ्याची खाट अजून तिथेच होती. तिच्यावर आता गोधड्या रचल्या होत्या. म्हातारीने त्या एका बाजूला सारल्या आणि हाताने खाटेवर थापटलं.

बाहेर कसलाच आवाज नव्हता. मी पहिल्यांदा तो पाडा आतून ऐकत होतो. थोड्या वेळाने ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

"किती येळ?" तिने विचारलं.

मी तिच्यासमोर बोटं धरली. दहा, दहा आणि पुन्हा दहा.

"बस मंग," ती म्हणाली, आणि निम्मे तांदूळ ताटलीत काढून माझ्याकडे सरकवले.